भाग्यश्रीचं नऊ वर्षांपूर्वीचं पान

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यांच्या तळाशी खुळखुळत होता, तेवढ्यात पंचवटीतल्या आमच्या गल्लीत बातमी फुटली की थेट्यांच्या भाग्यश्रीनं घरात ऑनलाइन रमीचा अड्डा काढलाय, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून फुलवाल्या पुतळाबाईला गळाला लावलंय. बातमी किशोर इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून निघाली होती, म्हणजे कडक घडी घालूनच निघाली. पुरावाही होता. बासष्ट वर्षांची पुतळाबाई सलग तीन दुपारी भाग्यश्रीच्या हॉलमध्ये नाकावर चष्मा चढवून कॉम्प्युटरसमोर बसलेली खिडकीतून दिसली होती. तिसऱ्या दुपारी तर ती ओरडलीच, “गेलं! अगं बाई, सगळं गेलं!” आणि त्यावर भाग्यश्रीनं चक्क टाळ्या वाजवल्या. आता दुसऱ्याचं सगळं गेल्यावर टाळ्या कोण वाजवतं? अड्डेवालाच ना? किशोरनं हा सवाल दिवसभरात आलेल्या प्रत्येक शर्टाच्या मालकाला केला.

खरं कळलं तेव्हा गल्लीचा हिरमोडच झाला. रमी नव्हती, पत्ते नव्हते. गेल्या होत्या त्या भाग्यश्रीनं मुद्दाम भरून ठेवलेल्या वीस खोट्या नोंदी, आणि त्या जातात कशा हे बघायलाच पुतळाबाईला तिथं बसवलं होतं. टाळ्या वाजल्या त्या चोर सापडल्याच्या. चोर कोण निघाला ते कळल्यावर मात्र भाग्यश्रीचे हात खाली आले. पण ते जरा क्रमानं सांगायला हवं.

भाग्यश्री माहेरची मखमलाबादच्या काकडांची. घरी शेवंती आणि झेंडू. वय बेचाळीस, अंगानं काटक. ‘बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी’ असं तिच्या सासूबाई म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत. लग्नानंतर सातपूरच्या एका कंपनीत ती शेतीपंपाच्या स्टार्टरची माहितीपुस्तकं लिहायची. ‘हिरवं बटण दाबा’ एवढं लिहायचं असलं तरी आधी खाली वर्कशॉपमध्ये जाऊन ते बटण स्वतः दाबून यायची. तिथले फिटर तिला ‘बटणवाल्या मॅडम’ म्हणायचे. पुढं कंपनीनं तो विभागच बंद केला. आता ती दोन-तीन कारखान्यांची पुस्तकं घरूनच लिहिते, आणि रोज सकाळी नवरा संतोष डबा घेऊन अंबडच्या शिफ्टला गेला की दहा ते बारा पिनटेलचं काम करते.

पिनटेल म्हणजे आपल्या नांदूरमधमेश्वरला थंडीत येतं ते लांब शेपटीचं बदक. पण हे पिनटेल म्हणजे एक डेटाबेस. माहिती ठेवायचं फडताळ म्हणा. कुणाच्या किती नोंदी, कुठल्या कप्प्यात, मागितल्या की पटकन हातात. नॉर्वेतल्या ओलाव नावाच्या एका दाढीवाल्या गृहस्थानं ते सुरू केलं, बदकाचं नावही त्यानंच ठेवलं. या फडताळाला मालक नाही. त्याचा कोड जगात कुणीही उघडून वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी, आणि ओलावसारख्या चार-पाच जुन्या जाणत्यांना पटली तर ती आत घेतली जाते. रामकुंडाच्या पायऱ्या कुणाच्या नावावर नाहीत, पण रोज कुणीतरी त्या झाडतंच, तसा कारभार.

भाग्यश्री झाडणाऱ्यांतली. कोडमध्ये कुठं एखादं नाव बदललं की ते माहितीच्या सतरा पानांवर बदलायचं. कुणी मेक्सिकोहून लिहितं, अमुक पानावरची कमांड चालत नाही, तर ती चालवून बघायची. छोटीमोठी कोडची डागडुजी करायची. मराठी पानंही तिनंच केली. ती किती जण वाचतात हे विचारू नका, ती स्वतःही विचारत नाही. दमडी मिळत नाही म्हटल्यावर गल्लीनं ‘तिला वेळ जात नसेल’ असा निकाल देऊन टाकला होता. संतोष आल्यागेल्याला सांगायचा, “आमच्या हिनं एक बदक पाळलंय. मला चहा नंतर, त्याला दाणे आधी.”

तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हरसूलहून ज्ञानेश भोयेचा फोन आला.

ज्ञानेश तिशीतला माणूस, तिथं बायकांच्या गटाची वाण बँक सांभाळतो. डोंगरातल्या घराघरात जे जुनं बी आहे, भाताचं, नागलीचं, वरईचं, ते डब्यात जपायचं आणि कुणाला हवं तर द्यायचं. पायली नेली तर दीड पायली परत. नुसतं बी ठेवून भागत नाही. ते कुठल्या उतारावर येतं, कधी पेरायचं, कीड पडली तर काय करायचं, हे ज्या बाईनं आणलं तिच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यायचं. त्या नोंदी पिनटेलमध्ये. बँकेला कुणीतरी नवा कॉम्प्युटर दिला होता. जुन्यावरचं सगळं नव्यावर कसं न्यायचं याचं मराठी पान ज्ञानेशनं काढलं, तसं केलं, पानात लिहिल्याप्रमाणे शेवटी जुनं पुसून टाकलं. तीन दिवसांनी कळलं की दिवाळीनंतर बाजारच्या दिवशी बसून घेतलेल्या अडतीसच्या अडतीस नोंदी नव्या कॉम्प्युटरवर नाहीतच.

“ताई, लिव्हलंय तसंच केलं मी. एकेक ओळ बोट ठेवून. माझंच काय तरी चुकलं असंल.”

पहिल्या क्षणी भाग्यश्रीलाही तसंच वाटलं. कारण ते पान तिचं होतं. पिनटेलमध्ये तिनं लिहिलेलं पहिलं पान, नऊ वर्षांपूर्वीचं. पाच पायऱ्या, एक शब्द जास्त नाही. नव्यानं येणाऱ्यांना ओलाव ते नमुना म्हणून दाखवायचा. कंटाळा आला की ती स्वतःसुद्धा ते उघडून बघायची, जशी एखादी बाई आपल्याच हातचं विणकाम बघते.

तिनं ज्ञानेशला सांगितलं, “नवं काही भरू नका, गेलेलं आठवेल तसं वहीत लिहा.” आणि स्वतः बसली. जुना डेस्कटॉप हॉलमध्ये होता. त्यावर खोट्या नोंदी भरल्या, आपल्याच पानाप्रमाणे लॅपटॉपवर आणल्या. सगळ्या आल्या. परत केलं. आल्या. चार वेळा केलं, चारही वेळा एकूण एक नोंद जागेवर.

तोवर ज्ञानेश पाड्यापाड्यानं फिरत होता. आठ दिवसांत सदतीस नोंदी पुन्हा मिळाल्या. अडतिसावी नवसाबाईची. तिची काळी नागली डब्यात होती, पण ती सांगणारी नवसाबाई माणसांच्या टोळीबरोबर दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला गेली होती, कुठल्या बागेत ते कुणाला ठाऊक नाही.

“माझ्या हातात होतं आणि त्यांच्या हातात होत नाही,” भाग्यश्री संतोषला जेवताना म्हणाली. “म्हणजे हातात काहीतरी आहे.”

“मी करून बघू?”

“नको. तुम्हाला वाचायच्या आधीच सगळं कळतं.”

किशोर कपडे घेऊन आला होता, तो दारातून म्हणाला, “वहिनी, मी येतो की!”

“भाऊजी, तुम्ही दोन ओळी वाचता आणि तिसरी पदरची घालता. मला लिहिलंय तेवढंच करणारं माणूस पाहिजे.”

असं माणूस गल्लीत एकच. पुतळाबाई सकाळी चारला उठून फुलबाजारात जाते, मंदिराच्या वाटेवर बसून दुपारी दोनपर्यंत टोपली रिकामी करते, आणि परतताना भाग्यश्रीकडं चहाला टेकते. शिक्षण सातवी. पण पोथी वाचायची तर ओळीखाली बोट धरून, औषधाची बाटली असली तर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ म्हटल्यावर घड्याळ लावून हलवणारी. पहिल्या दुपारी तिला माउस धरायला शिकवला. दुसऱ्या दुपारी तिनं तो सोडायचं नाव घेतलं नाही. तिसऱ्या दुपारी पान समोर ठेवून भाग्यश्री लांब खुर्चीवर बसली, हाताची घडी घालून, ओठ मिटून.

पुतळाबाईनं पाचही पायऱ्या वाचल्या, केल्या, जुनं पुसलं, नवं उघडून मोजलं. सकाळी भरलेल्या वीस नोंदी गायब. पुढचं सगळं किशोरनं खिडकीतून ऐकलंच होतं.

टाळ्या वाजवून झाल्यावर भाग्यश्री म्हणाली, “मावशी, आता मी करते. तुम्ही माझ्या हाताकडं बघा. काय वेगळं करते तेवढं सांगा.”

पुतळाबाई खुर्ची ओढून शेजारी बसली. भाग्यश्रीनं पहिली पायरी केली, दुसरीची कमांड लिहायला बोटं ठेवली.

“थांब. हे काय मिटलंस?”

“काय मिटलं?”

“ते बारकं काळं खोकं. आत्ता मिटलंस की! मला कुठं मिटायला सांगितलंस?”

भाग्यश्री स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. काळं खोकं म्हणजे चालू असलेलं पिनटेल. कॉपी करायच्या आधी तिनं ते बंद केलं होतं. चारही वेळा केलं होतं. नऊ वर्षं करत होती. जुने जाणते सगळेच करतात, शिंक आली की नाकाशी हात जातो तसं, आणि म्हणून ते पानावर लिहावं हे एकालाही सुचलं नव्हतं. पिनटेल चालू असताना ताज्या नोंदी बाजूच्या एका टोपलीत पडतात, ते नीट बंद केलं तरच फडताळात लागतात; हरसूलला तर ते दिवाळीपासून नीट बंदच झालं नव्हतं. तशात फडताळ उचललं की टोपलीतल्या मागं राहतात. वर पाचवी पायरी सांगते, जुनं पुसून टाका.

“तोंड का उतरलं तुझं?” पुतळाबाई म्हणाली. “माझी सून नवी आली तेव्हा तिला मी सांगितलं, झेंडू आला की टोपलीत भर, वर ओलं फडकं टाक. पोरीनं भरला. सकाळी निम्मा काळा. शेतातनं आलेलं फूल गरम असतं, आधी जमिनीवर पसरून निववायचं, मग भरायचं. हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, हे काय सांगायचं?”

“मग सुनेला काय म्हणालात?”

“काय म्हणणार? वर्षभर तिलाच बोल लावला.”

भाग्यश्री हसली नाही. ज्ञानेशचं ‘माझंच चुकलं असंल’ तिच्या कानात होतं. तिनं त्याला लगेच फोन लावला, चूक कुणाची ते स्पष्ट सांगितलं, पुढं काय करायचं ते सांगितलं. मग पिनटेलच्या जाहीर फळ्यावर, जिथं जगातलं कुणीही वाचू शकतं, तक्रार नोंदवली. मथळा असा: ‘मी लिहिलेल्या पानामुळे नऊ वर्षं लोकांच्या नोंदी जात आहेत’. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

हे कळल्यावर किशोरची इस्त्री हवेतच थांबली. “म्हणजे स्वतःच चौकीत जाऊन स्वतःवर केस? वहिनी, कुणी विचारलं होतं का तुम्हाला? गुपचूप एक ओळ घालून टाकायची!”

“गुपचूप घातली तर ज्यांचं आधी गेलं ते शोधणार कसे, भाऊजी?”

घाई वेगळ्याच कारणाची होती. महिनाअखेरच्या शुक्रवारी पिनटेलची जी आवृत्ती निघणार होती ती लांब पल्ल्याची होती. एकदा निघाली की पाच वर्षं तीच चालणार. शाळा, दवाखाने, वाण बँका, ज्यांना रोज उठून नवं शिकायला सवड नाही ते सगळे तीच घेतात, आणि नेट मिळालं की पिनटेल आपोआप स्वतःला नवं करून घेतं. त्या आवृत्तीत दुरुस्ती गेली तर गेली, नाहीतर तिच्यात मोठा बदल घ्यायची पुढची संधी दीड वर्षानं. आणि भाग्यश्रीला नुसती ओळ नको होती. कॉपीची कमांडच अशी व्हायला हवी होती की पिनटेल चालू असेल तर तिनं सरळ नाही म्हणावं.

ओलावचं उत्तर दुसऱ्या दुपारी आलं. सभ्य माणूस, पण कंजूष शब्दांचा. ‘नऊ वर्षांत एकही तक्रार नाही. आधी बंद करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. एक ओळ घालायला हरकत नाही. कोड मात्र गोठवलेला आहे, शुक्रवारपर्यंत त्यात बदल नाही.’

भाग्यश्रीनं लिहिलं, ‘तक्रार करायला चूक आपली नाही हे आधी कळावं लागतं. ज्यांचं गेलं ते स्वतःलाच बोल लावत बसले. सगळ्यांना माहीत असतं म्हणजे तुला आणि मला माहीत असतं.’

पण ओळ तर घातली. पिवळ्या चौकटीत, ठळक अक्षरात: ‘कॉपी करण्यापूर्वी पिनटेल बंद करा.’ आणि पुतळाबाईला पुन्हा बसवलं. पुतळाबाईनं पायरी एक वाचली, पिवळी चौकट ओलांडून बोट पायरी दोनवर नेलं. वीस नोंदी पुन्हा गेल्या.

“मावशी! एवढी मोठी पिवळी चौकट दिसली नाही?”

“दिसली की. मला वाटलं जाहिरात आहे. पिवळ्या चौकटीत नेहमी कुणीतरी काहीतरी विकत असतं.”

चौकट काढून तीच ओळ भाग्यश्रीनं सरळ पायरी दोन करून टाकली. आता पुतळाबाईनं ती वाचली, पाळली, नोंदी शाबूत राहिल्या. ओलावनं पान मंजूर केलं. प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती, संतोषनं तर “सुटलं तुझं बदक” म्हणून श्रीखंडही आणलं. तिनं ज्ञानेशला कळवायला फोन केला.

“लय भारी झालं ताई,” ज्ञानेश म्हणाला. “पण आमच्या भिंतीवर जुनंच पान डकवलंय. इथं नेट कधी असतंय, कधी नाय. फोटो काढून तेच सुरगाण्याला अन् पेठला धाडलं व्हतं, त्यांच्या बँकांना. त्यांनी अजून कुणाला धाडलं असंल. तुम्ही पान आज बदललं, तो फोटो कसा बदलंल?”

श्रीखंड तसंच राहिलं. भिंतीवर डकवलेलं पान बदलता येत नाही. मोबाइलमोबाइलमधून फिरणारा फोटो मागं बोलावता येत नाही. म्हणजे चुकीचं पान हातात धरलेल्या माणसालासुद्धा कमांडनंच अडवायला हवं. शुक्रवारला अकरा दिवस होते. कारखान्याचं एक पुस्तक तिनं आठवडाभर पुढं ढकललं आणि कोड उघडला.

ती काही कोडमधली वाघीण नव्हे. आजवर तिनं डागडुजी केली, भिंत कधी बांधली नव्हती. पहिले तीन दिवस नुसतं वाचण्यात गेले. कॉपीची कमांड ओलावनं स्वतः लिहिलेली, बारा वर्षांपूर्वी, आणि त्या कोडवर एका ओळीचंही स्पष्टीकरण नव्हतं. ती ओळ-ओळ कागदावर उतरवून समोर चिकटवत गेली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत कागद गेले. भाजी फोडणीला टाकायची, मोहरी तडतडेपर्यंत एक ओळ वाचायची. चौथ्या दिवशी तिला सापडलं की पिनटेल सुरू झालं की एका कोपऱ्यात ‘चालू आहे’ अशी पाटी लावतं आणि बंद होताना काढून घेतं. मग काय, कॉपीच्या आधी पाटी बघायची. असेल तर थांबायचं आणि सांगायचं: ‘पिनटेल चालू आहे. आधी बंद करा, मग कॉपी करा.’ सगळं मिळून चौदा ओळी. त्या नीट चालतात हे दाखवणाऱ्या तपासण्या मात्र तीस.

पुतळाबाईला जुनं, चुकलेलं पान देऊन बसवलं. कॉपीच्या पायरीला कमांड अडली.

“हा मला नाही म्हणतोय!” पुतळाबाईचा अपमान झाला. “काय गं, मी लिहिलंय तेच केलं ना?” मग बोट धरून तिनं संदेश वाचला, काळं खोकं मिटलं, पुन्हा कमांड दिली. नोंदी सगळ्या आल्या. भाग्यश्रीनं ते जसंच्या तसं लिहून, कोडसकट ओलावला पाठवलं: ‘चुकीचं पान वाचणाऱ्या, संगणक न शिकलेल्या बाईनं बरोबर काम केलं. ती गोठवलेल्या कोडची वाट बघायला तयार नाही.’

ओलावनं दोन दिवस विचार केला आणि बुधवारी लिहिलं, ‘शुक्रवारी माझ्याकडचे दुपारचे बारा वाजेपर्यंत निर्दोष असेल तर बघतो.’ त्याच्याकडचे बारा म्हणजे आपले साडेचार.

आणि गुरुवारी दुपारी, पुतळाबाई शेवटची उजळणी करत असताना, सिंहस्थाच्या कामासाठी गल्ली खोदणाऱ्या जेसीबीनं विजेची केबल तोडली. डेस्कटॉप एका झटक्यात काळा. किशोरच्या इस्त्रीसकट अख्खी गल्ली तासभर बंद. वीज आली, पुतळाबाईनं कॉम्प्युटर लावला, पिनटेल सुरूही केलं नव्हतं, आणि कमांड म्हणाली: ‘पिनटेल चालू आहे.’

“अगं, हा तर बंद दुकानालाही चालू म्हणतोय!”

भाग्यश्रीनं कोपरा उघडून बघितला, पाटी तिथंच होती. अचानक वीज गेली की पाटी काढायला पिनटेलला वेळच मिळत नाही. पाटी तशीच लटकत राहते, आणि तिच्या चौदा ओळी त्या पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. ओस्लोत वीज जात नसेल, हरसूलला रोज जाते. हे असंच गेलं असतं तर ज्ञानेशला स्वतःच्याच नोंदी कधी हलवता आल्या नसत्या, आणि तो पुन्हा म्हणाला असता, माझंच चुकलं असंल.

संतोष संध्याकाळी म्हणाला, “सोड ना आता. पान तर सुधारलं आहेस. दीड वर्षानं घालतील तुझा कोड.”

“दीड वर्षात किती जण कॉम्प्युटर बदलतील?”

“मला काय माहीत?”

“मलाही नाही. तेच तर.”

शुक्रवारी तिनं सकाळी कुकर लावला नाही, संतोषला कॅन्टीनमध्ये जेवायला सांगितलं. पाटीवर विसंबायचं नाही, दार वाजवून बघायचं, असं तिनं ठरवलं. पाटी असली तरी पिनटेलला हाक मारायची. ओ दिली तर चालू, नाही दिली तर पाटी जुनी, ती काढून, टोपलीतलं फडताळात लावून पुढं जायचं. चौदाच्या सव्वीस ओळी झाल्या. तपासण्या दोनदा नापास झाल्या, एकदा तिच्याच घाईनं. अडीचला पुतळाबाई आली तेव्हा भाग्यश्रीनं तिला चहासुद्धा विचारला नाही.

“मावशी, पिनटेल चालू करा. हां. आता मागनं वायर ओढा.”

“वायर? मुद्दाम?”

“मुद्दाम. जेसीबी व्हा.”

पुतळाबाईनं अशी काही वायर ओढली की प्लगसकट हातात आली. पुन्हा लावला, पुन्हा कमांड दिली. हाक मारली गेली, ओ आली नाही, पाटी निघाली, कॉपी झाली, नोंदी वीसच्या वीस. तीन वेळा वायर ओढली, तीनही वेळा वीस. तीन वाजून दहा मिनिटांनी भाग्यश्रीनं पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानंच कालची पोळी गुळाबरोबर खाल्ली.

चार वाजून पाच मिनिटांनी ओलावचं उत्तर आलं. वीज गेल्यावरचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, असं त्यानं कबूल केलं. पुढं एक अट होती. शेवटच्या घटकेला आत घेतलेल्या कोडला धनी लागतो. पाच वर्षं, ही आवृत्ती जिवंत आहे तोवर, या कमांडबद्दल जी तक्रार येईल ती कुणीतरी नावानिशी अंगावर घ्यायला हवी. कोण घेईल?

पाच वर्षं म्हणजे तिचं सत्तेचाळिसावं. जगात कुठंही कुणाची कॉपी अडली की बोलावणं तिला. सणवार, लग्नकार्य, सुट्टी, काही नाही. तिनं एकदा दाराला चिकटवलेल्या कागदांकडं बघितलं आणि एकच शब्द लिहून पाठवला: ‘मी.’ सव्वाचारला कोड आत गेला.

नेमका तेव्हा किशोर संतोषच्या शर्टांची चळत घेऊन दारात. पुतळाबाईनं त्याला सगळं सांगून टाकलं, पाच वर्षांसकट. किशोरनं चळत खुर्चीवर ठेवली, कपाळाला हात लावला.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? तो हरसूलवाला तर फोनवरच मिटवला होता तुम्ही, चूक सापडली त्याच दिवशी. मग ही पाच वर्षांची घोरपड गळ्यात कशाला?”

भाग्यश्री लॅपटॉप मिटत म्हणाली, “हरसूलकडं माझा नंबर आहे, भाऊजी. बाकीच्यांकडं माझं चुकलेलं पान आहे.”